गाण्याच्या क्लासला फी देतो ती नेमकी कशाची?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका ताईंचा मेसेज आला, "मुलीसाठी गाण्याचा क्लास सुचवा, परीक्षा पटापट करून घेणारा हवा, दहावीला वाढीव मार्क मिळाले पाहिजेत." खाली धडाधड उत्तरं. या क्लासचा रिझल्ट चांगला, तो क्लास 3 महिन्यांत स्टेजवर उभं करतो, तिसरीकडे फी कमी आहे. मुलगी केवढी आहे, तिला गायला आवडतं का, हे कुणीच विचारलं नाही. ग्रुपवर लिहिलं असतं तर वाद झाला असता म्हणून इथे लिहितेय, इथे सगळी आपली माणसं आहेत.

माझ्या बहिणीच्या मुलाचं तुमच्यापैकी काहींना माहितीये. लहानपणी इतका गोड आणि सुरेल गायचा की गणपतीत त्याने आरती धरली की बाकीचे आपोआप हळू व्हायचे. बहिणीने त्याला घराजवळच्या एका क्लासला घातलं. बोर्डावर "वैयक्तिक मार्गदर्शन" लिहिलेलं आणि आत सतरंजीवर दहा-बारा पोरं, एक पेटी, सगळ्यांना एकच पट्टी, काळी चार, म्हणजे सगळ्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. आठवीत त्याचा आवाज फुटायला लागला. तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर गेला की चिरायचा. सर म्हणायचे रियाज कमी पडतोय, जोर लाव. का, तर मध्यमा प्रथम या गाण्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता!

अरे, मुलगा वयात येतो तेव्हा स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. यात रियाजाचा काय संबंध? ही गोष्ट गाणं शिकवणाऱ्या माणसाला माहिती नसेल तर तो शिकवतो काय? आणि माहिती असून त्या पोराला काळी चारमध्येच ओरडायला लावलं असेल तर त्याबद्दल मी इथे काय लिहू, लिहायला बसले की हात थरथरतो. घसा सुजला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं, त्यांनी गाणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं. परीक्षा मात्र पास झाला तो. सर्टिफिकेट आलं. आणि घरी येऊन म्हणाला, मावशी, मला गाता येत नाही, मी सोडतोय.

आपण वेगळी फी देऊन शिकवणी लावतो ती कशाची, ते आधी ठरवा ना. यमनचे आरोह-अवरोह यूट्यूबवर फुकट आहेत, तीनतालाचा ठेका अ‍ॅपवर रात्रभर वाजेल, बंदिशींची पुस्तकं चार पैशांत मिळतात. विकत मिळत नाही तो समोर बसलेल्या जाणत्या माणसाचा कान. तो फक्त आपल्या मुलाकडे लागलेला हवा, माझी अपेक्षा एवढीच आहे. पोरगी पेटीच्या मागे मागे गात असेल तर पेटी बंद करून तिला तंबोऱ्यावर सोडणारा हवा, कारण पेटीचा शुद्ध गंधार, म्हणजे ग, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो त्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, हा फरक मुलांना एकदा ऐकू आला की त्यांचा चेहरा बदलतो, मी पाहिलंय. तबल्याचंही तसंच. "ना" हा बोल वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेला टेकलेली असते, ती पहिल्या महिन्यात उचलली गेली आणि कुणी टोकलं नाही तर पुढे तिरकिटसारखे जलद बोल लयीत काढताना हात अडकतो आणि मग सुधारायला वर्षं जातात. दहा पोरांच्या दहा अनामिका एकदम कोण बघणार?

परीक्षांना माझा सरसकट विरोध नाही, हे लिहून टाकते नाहीतर कमेंटमध्ये तेच येईल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं घराण्यांच्या बंद दारातून बाहेर आणून अभ्यासक्रमात बसवलं, ते झालं नसतं तर आपल्या आया-मावश्यांना शिकायला मिळालंच नसतं. मान्य. पण प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत 7 परीक्षा आहेत म्हणून दर सत्राला पोराला एक पायरी वर ढकललंच पाहिजे असा नियम कुणी केला? माझ्या भाच्याला त्या वर्षी थांबवलं असतं तर काय बुडणार होतं?

वर्षभराने बहिणीने त्याला कल्याणच्या एका वयस्कर सरांकडे नेलं, नुसतं भेटायला. त्यांनी त्याला गायलाच सांगितलं नाही आधी. शाळेबद्दल, क्रिकेटबद्दल बोलत बसले आणि बोलता बोलता त्याचा बोलण्याचा आवाज ऐकत होते, हे आम्हाला नंतर कळलं. मग तंबोरा आधीपेक्षा बराच खाली, काळी एकला लावला आणि म्हणाले, आता इथे तुझा षड्ज आहे, बघ मिळतो का. अर्ध्या सप्तकाच्या वर जाऊ दिलं नाही कितीतरी महिने, खर्ज, म्हणजे खालचे स्वरसुद्धा हलक्या आवाजात, आणि घसा दुखला की त्या दिवशी गाणं बंद, फक्त ऐकायचं. कसली बंदिश नाही, परीक्षेचं नाव नाही. बहीण एकदा म्हणाली, सर पुढचं कधी घेणार, तर म्हणाले, ताई, हेच पुढचं आहे. हे लिहिताना मला भरून येतंय, खरंच.

ऑनलाइनचं विचारतात बरेच जण, विशेषतः अमेरिका-दुबईतले आपले लोक. आवाज पोहोचायला वेळ लागतो त्यामुळे गुरू-शिष्याला एकत्र गाता येत नाही, ठेक्यावर एकत्र बसता येत नाही, हे मोठं नुकसान आहे. तिकडे जवळपास कुणी नसेल तर तेही चालेल, पण हातावर हात ठेवून बोट सरळ करणारं माणूस त्यात नाही.

आणि आता आपल्या, म्हणजे पालकांच्या वागण्याबद्दल. सरांना दर महिन्याला "नवीन काय शिकवलं" विचारू नका. घरी रोज तंबोरा लावून वीस मिनिटं बसवणं आपलं काम आहे, आठवड्यातून दोनदा क्लासला सोडून पोरगं गाणार नाही. क्लास लावण्याआधी एक दिवस आत बसू द्या असं सांगा, नाही म्हणाले तर तिथून उठा. मुलाची पट्टी तपासतात का, चुकलं तिथे थांबवतात का की पुढे रेटतात, स्वतः गाऊन दाखवतात का, एवढं बघितलंत तरी पुरे. मुलगा बारा-तेराचा असेल तर आवाज फुटल्यावर काय कराल हे सरळ विचारा. मुलींचाही आवाज त्या वयात बदलतो, कमी बदलतो पण बदलतो, तेही विचारा.

पाऊस आहे म्हणून येत नाही, पाहुणे आलेत म्हणून येत नाही आणि महिनाअखेरीला "तेवढे क्लास वजा करा", असं कृपया करू नका. त्या माणसाने तुमच्या पोरासाठी ती वेळ राखून ठेवली होती, दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. ट्यूशनच्या सरांची फी सुट्टीचीही भरता ना, मग याही सरांची पूर्ण भरा आणि महिन्याच्या सुरुवातीला भरा, यातले बरेच जण तोंडाने मागत नाहीत.