व्हॅन घ्यायची की डबा भरायचा?

रामबागेच्या कट्ट्यावर सध्या एकच वाद, रस्त्यावरच्या अपघातात मदत करायला काय ठेवायचं, व्हॅन की प्रथमोपचाराचा डबा? मन्याचं म्हणणं, वर्गणी काढून सेकंडहँड व्हॅन घ्या, स्ट्रेचर टाका, झाली ॲम्ब्युलन्स. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) आयुष्य काढलेल्या शुभाताईंनी तिथेच उडवून लावलं.

“रात्री दोनला चालवणार कोण? फोन करायला 108 आहे, 112 आहे, हायवेवर 1033 आहे. गाडी येईपर्यंत रक्त कोण थांबवणार ते सांग. मांडीची धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो.”

“मग दोरीने आवळायचं.”

“सुतळी, नाडा अजिबात नाही. बारीक दोरी कातडीत रुतते आणि अर्धवट आवळली तर नुसत्या शिरा दबतात. धमनीतून रक्त येतच राहतं, परतीची वाट बंद, म्हणजे उलट जास्त वाहतं. आधी दाब. कापडाची जाड घडी, दोन्ही तळवे, कोपर ताठ, अंगाचा भार. दहा मिनिटं उचलून बघायचं नाही, धरू लागलेली गुठळी सुटते. हातापायाची जखम खोल असेल तर गॉज (जाळीदार सुती पट्टी) आत कोंबायचा आणि वरून दाबायचं. छातीपोटात मात्र काही कोंबायचं नाही.”

“आणि तरी थांबलं नाही तर?”

“हातापायालाच, चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी बांधायची, जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. गाठीत स्क्रूड्रायव्हर घालून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा. पेन घालू नका, कडकन मोडतं. वेळ ठळक लिहून ठेवायची.”

अण्णांना शाळेतलं आठवलं, दर पंधरा मिनिटांनी सैल करायचं म्हणून. “ते जुनं झालं अण्णा. सैल केलं की पुन्हा वाहतं. सोडायचं ते डॉक्टरांनी.”

मग हेल्मेट. मन्या म्हणे काढायचंच, अण्णा म्हणे हात लावायचा नाही. ताई म्हणाल्या, श्वास नीट चालू असेल तर काच वर करा आणि डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, बस. श्वास थांबलाय किंवा उलटीने गुदमरतोय, तर काढावंच लागतं. एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने कडा फाकवून सरळ रेषेत ओढायचं. एकट्याने ओढाल तर मान हिसडली जाईल. पाणी पाजायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कांदा, चप्पल हुंगवण्याबद्दल तर बोलूच नका.

मदत केली की पोलिसांच्या फेऱ्या, ही भीती मन्यानेच घालवली. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. 2025 च्या कॅशलेस योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार मिळतात. यावर कोणी वाद घातला नाही, आश्चर्यच.

डब्यात काय असावं, हे मात्र बराच वेळ चाललं. दहा सेंटिमीटर गॉजचे सहा रोल, त्रिकोणी पट्ट्या सहा, पंधरा सेंटिमीटर क्रेप (ताणल्या जाणाऱ्या) पट्ट्या चार, नायट्राइल हातमोजे, बोथट टोकाची कात्री, टॉर्च, रिफ्लेक्टर आणि घोंगडी. घोंगडीला अण्णा हसले. पण रक्त गेलेला माणूस मे महिन्यातही गार पडतो, आणि गार पडला की रक्त गोठायला वेळ लागतो. कापूस नको, तंतू जखमेत चिकटतात. गोळ्याही नकोत.

ठेवायचा कुठे? पोहेवाला सकाळीच असतो, मेडिकल रात्री बंद. एटीएमच्या गार्डकडे ठेवायचं ठरतंय, कारण माणूस चोवीस तास आणि सावली. उन्हात चिकटपट्टीचा गोंद सुटतो, हातमोजे एकमेकांना चिकटतात, म्हणून दर महिन्याला तपासणी.

कुलूप हवं, असं अण्णांचं मत, नाहीतर चोरी होईल. मन्या म्हणतो, किल्ली शोधण्यात माणूस जाईल. शेवटी कागदी सील लावायचं निघालं, फाटलेलं दिसलं की डबा भरायचा. पण भरायचे पैसे कोण देणार यावर दोघांचं पुन्हा जुंपलंय.