एअर फिल्टर काढून मायलेज वाढत नाही, इंजिनाचं वाटोळं होतं

‘बाईकचा एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरचा स्क्रू पूर्ण आवळा, पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक लावा, मायलेज दीडपट! बीएस-६ गाड्यांनाही चालतं.’ हा मेसेज वाचून माझ्या भाच्याने खरंच फिल्टर काढून ठेवला. पोरगा रोज मुरमाच्या रस्त्याने कामाला जातो. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

फिल्टर काढला की म्हणे इंजिन मोकळा श्वास घेतं. अहो, पण कसला श्वास? १०० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ४००० आरपीएमला मिनिटाला २००० वेळा हवा ओढतं. थ्रॉटल पूर्ण पिळला तर ती दीड-दोनशे लिटर भरते. फिल्टर नसला की त्यातली सगळी धूळ थेट सिलिंडरात. वाळूचे बारीक कण पिस्टन आणि ब्लॉकच्या मध्ये घासत राहतात, रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन जातं, गाडी ऑइल खाते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग बोअर करा, नवा पिस्टन टाका. शिवाय कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, फिल्टर बसवलेला आहे असं धरूनच ठरवलेले असतात. तो काढला की हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन तापतं आणि पिकअप मरतो.

२००९ साली अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या घेतल्या. इंजेक्शनवाल्या पेट्रोल कारच्या मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, पिकअप तेवढा कमी झाला. चोंदलेल्या फिल्टरनेही जे घटत नाही, ते चांगला फिल्टर काढून वाढणार कुठून? जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत चोंदलेला फिल्टर पेट्रोल खातो, हे मान्य. पण मग तो साफ करा, नाहीतर बदला.

स्क्रूचं तर विचारूच नका. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर आवळल्यावर पेट्रोल कमी होतं; फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा कमी होते, म्हणजे पेट्रोल उलट जास्त जळतं. आणि त्याचा अंमल मुख्यतः स्लोवर, म्हणजे थ्रॉटल न पिळता इंजिन नुसतं चालू असताना. मिश्रण किंचित पातळ, म्हणजे पेट्रोल जरा कमी, ठेवलं तर थोडं मायलेज मिळतं, एवढं खरं. पण ते प्लगचा रंग बघून मिस्त्रीने करायचं काम आहे.

बहुतेक बीएस-६ गाड्यांत, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांत, पेट्रोल इंजेक्टर सोडतो. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, ते प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोलच्या आसपास आणतो. तिथे आवळायला कार्बोरेटरच नाही.

चुंबकाने पेट्रोलच्या जळण्यात काही फरक पडत नाही. तो लावायचा तर लावा, इंजिन बिघडणार नाही. पण हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी फिल्टरचा मुद्दा चूक आहे हे त्याच ग्रुपवर आजच लिहावं.