टँकरचं बिल आणि रॉल्स

टँकरचं बिल कसं वाटायचं यावर काल पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. खडकवासल्यातून नदीत पाणी सोडल्याचे व्हिडिओ ग्रुपवर अजून फिरतायत, ते सोडा. फ्लॅटमागे सारखं, चौरस फुटावर की माणशी? मी एकटा, वन आरकेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे सहा माणसं, शिवाय रोज पाइपने आंघोळ करणारी गाडी.

फिलॉसॉफीत एमए केलंय, कधीतरी उपयोग व्हावा! म्हटलं, "जॉन रॉल्सने 1971 साली सांगून ठेवलंय, नियम ठरवताना आपण कोण हे माहीतच नाही असं धरायचं. आपला फ्लॅट कुठला, ते घटकाभर विसरू या."

"विसरू म्हणजे?" काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "स्मृतिभ्रंश झालाय का मला?"

"तसं नाही हो काका. समजा, उद्या तुम्ही माझ्या खोलीत..."

"मी कशाला येऊ तुमच्या खोलीत?"

"समजा."

"का समजू? इंडेक्स टू आहे माझ्याकडे, दाखवू? आणि हे रॉल्स कुठल्या सोसायटीत?"

"हार्वर्डला शिकवायचे. 2002 मध्ये गेले."

"अरेरे." काकांनी खरोखर मान खाली घातली. मग वर केली. "पण टँकरचं त्यांना काय कळणार?"

काकांच्या गॅलरीत स्वतंत्र टाकी आहे. पहाटे पाणी आलं की आधी ती भरते. "टाकी माझी, मोटार माझी, तुम्ही झोपला होतात." हार्वर्डचेच रॉबर्ट नोझिक 1974 मध्ये साधारण हेच म्हणाले: कुणाकडे किती आहे ते बघू नका, रीतसर मिळवलंय ना ते बघा. पण तुमच्या घेण्याने दुसऱ्याची अवस्था आधीपेक्षा वाईट होता कामा नये, ही अट त्यांनीही ठेवली होती. डोक्याला शाम्पू लावून कोरड्या नळाखाली उभं राहणं कुठल्या अवस्थेत बसतं? थेट लायनीला मोटार लावणं रीतसर आहे का, हा विषय अर्थातच अजेंड्यावर नव्हता.

अमर्त्य सेन यांनी 2009 च्या पुस्तकात एका बासरीसाठी भांडणारी तीन मुलं उभी केली. एकीला ती वाजवता येते, एकाकडे दुसरं खेळणंच नाही, एकीने ती घडवलीय. तिघांचंही म्हणणं पटतं. बासरीने गाडी धुणारा चौथा मात्र सेनसाहेबांच्या डोक्यात आला नाही.

हात वर झाले. फ्लॅटमागे सारखं. मोठ्या फ्लॅटवाल्यांचं बहुमत, म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, खर्च माझा. निदान प्रत्येक फ्लॅटला मीटर तरी बसवा, म्हटलं.

सेक्रेटरी वही मिटत म्हणाले, "बसवू की. पण मीटरचा खर्च कसा वाटायचा, त्यासाठी वेगळी मीटिंग घ्यावी लागेल."