‘उमाळे’ म्हणालात म्हणून

‘एक सोलापूरकर’ महाशय,

(नाव लिहिलं असतंत तर नावानं हाक मारली असती.)

माझ्या वाचनालयांवरच्या लेखाखाली तुम्ही तीन वाक्यं टाकलीत. पुणे नगर वाचन मंदिराचं साल चुकलं, हे खरं. ते १८४८, माझ्या हातून १८८४ पडलं. दुरुस्त केलंय, आभार. ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं’ याला उत्तर देत बसत नाही. राहिलं तिसरं : ‘वर्गणी नि अनामत घेतात ते सार्वजनिक कसलं? उगाच म्हातारपणीचे उमाळे!’

‘उमाळे’ कशाला? शंका विचारायची तर सरळ विचारावी, वय काढायचं कारण नव्हतं. मी छप्पन्नचा आहे, आणि चष्मा मला दहावीतच लागला.

आता वर्गणी. गल्लीतल्या सार्वजनिक गणपतीची पावती फाडताना हा प्रश्न विचारता का हो? आपल्याकडची जुनी वाचनालयं लोकांनी पदरमोड करूनच उभी केली. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यानं घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तसा कर नाही. सरकारी अनुदान येतं, तेही वाचनालयाचा वर्ग बघून, अ-ब-क-ड. मग वर्गणी घ्यायची नाही तर वीजबिल तुम्ही भरणार?

आणि गरिबीचं मला सांगू नका. वडील गिरणीत, तिसऱ्या पाळीला. दोन खोल्यांत सात माणसं. सोलापूरचा एप्रिल, वर पत्रा, त्यात रात्रपाळी करून वडील झोपलेले. घरात आवाज करायची सोय नव्हती. मी दुपारभर वाचनालयाच्या पेपरांच्या खोलीत पंख्याखाली बसायचो. तिथं कधी कुणी पैसा मागितला नाही. पुस्तक घरी न्यायला मात्र अनामत लागायची, ती आमच्याकडे नव्हती. शेजारच्या काकांच्या कार्डावर आणायचो. काकांना सहीपुरतंच लिहिता येतं हे खिडकीवरच्या माणसाला ठाऊक होतं. तरी आठवड्याला दोन कादंबऱ्यांवर तो मुकाट्यानं शिक्का मारायचा. (हे उदाहरण तुमच्याच बाजूनं जातं, असं म्हणाल. म्हणा.)

शेवटचं वाचनालयात कधी गेला होतात, ते काही तुम्ही लिहिलं नाहीत. या एकदा. पहिल्या वर्षाची वर्गणी मी भरतो. अनामत तेवढी तुमची तुम्ही भरा.