‘शाळा सोडली ती सोडली’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

दहावीचा निकाल लागला की आमच्या यवतमाळ भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवशी चौघांनी पाठवला, त्यात माझे सख्खे मामाही होते. मेसेज असा : ‘ज्यानं शाळा अर्धवट सोडली त्यानं कॉलेजचा नाद सोडावा. 17 नंबरचा फॉर्म म्हणजे पैसे भरून कागद घेणं. मुक्त विद्यापीठाची डिग्री कोणत्याच भरतीत चालत नाही. गॅप असला की कोणतंच कॉलेज दारात उभं करत नाही. त्यापेक्षा पोरानं पुण्याकडे चाकणला कंपनीत लागावं, तीन वर्षांत दहा लाख जमतात. अन् पोरीचं लग्न करून टाकावं.’

मी दहावीच्या दिवाळीनंतर शाळेत गेले नाही. बाबा बैलगाडीवरून पडले, मणक्याला लागलं. चार एकरातला कापूस फुटलेला, वेचायला माय एकटी. एक वेचा होईपर्यंत थांब म्हणाली. एकाचे तीन वेचे झाले, मग तूर सोंगणीला आली, तोवर परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत निघून गेली. आमच्याकडे शाळा अशीच सुटते, ठरवून कोणी सोडत नाही. पुढे मी 23व्या वर्षी दहावी, 25व्या वर्षी बारावी आणि 28व्या वर्षी बी.ए. झाले. आता गावातल्या पोरापोरींचे आणि त्यांच्या मायांचे फॉर्म भरून देते. म्हणून या मेसेजची एकेक ओळ घेऊन बोलते.

‘कॉलेजचा नाद सोडावा.’ विदर्भातल्या पोराला हे सांगताना तरी विचार करायचा होता. अमरावती विद्यापीठ ज्यांच्या नावानं आहे ते गाडगे बाबा मामाच्या घरी गुरं राखत वाढले. नागपूर विद्यापीठ ज्यांच्या नावानं आहे ते तुकडोजी महाराज प्राथमिक शाळेपुढे गेले नाहीत. आमच्या डिग्रीच्या कागदावर सगळ्यात वर ही नावं छापलेली असतात. गाडगे बाबा कीर्तनात सांगत, ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकराला शिकवा.

आता 17 नंबर. या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पैसे भरून काय मिळतं? शाळेत न जाता, बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसायची परवानगी मिळते. वय 14 पूर्ण पाहिजे आणि निदान पाचवी पास पाहिजे, मग दहावीला बसता येतं. बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात. पेपर तोच, जो त्या दिवशी राज्यातली सगळी मुलं सोडवतात. पास व्हायला 35च लागतात. गणिताचे बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत 20. त्या 20 गुणांसाठी मला संपर्क केंद्रात, म्हणजे ज्या शाळेतून फॉर्म भरला तिथे, जावं लागलं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी साडी नेसून वर्गात शिरले तर सगळी पोरं उभी राहिली, ‘गुड मॉर्निंग मॅडम’. मी हॉल तिकीट हातात धरून शेवटच्या बाकावर जाऊन बसले. भूमितीच्या पेपरला माझ्या कंपासमधलं पेन्सिलचं टोक मोडलं. शेजारच्या पोरीनं मान न उचलता शार्पनर माझ्याकडे सरकवलं आणि हळूच म्हणाली, ‘ताई, घाबरू नका, वर्तुळाचं सोपं हाये.’ त्या पेपरला मला 40 पैकी 17 मिळाले. त्या 17साठी मी पाच महिने पहाटे चारला उठून, चुलीवर पाणी ठेवून, बोर्डाचं पुस्तक पहिल्या पानापासून सोडवत होते. हे पैसे भरून मिळत नाही.

इथे एक गफलत नेहमी होते, ती सांगून टाकते, कारण तिच्यापायी पोरांचं वर्ष जातं. जो दहावीला बसला आणि नापास झाला, त्याला 17 नंबर लागतच नाही. तो आपल्याच शाळेतून पुनर्परीक्षार्थी म्हणून फक्त राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरतो. फेब्रुवारी-मार्चला गेलं तर त्याच पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या बोलीवर, अकरावीलाही प्रवेश मिळतो. गणितात नापास झालेलं पोर्गं आठ दिवसांत ट्रॅक्टरवर बसतं, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ज्याला सगळे विषय एका दमात झेपत नाहीत, त्याच्यासाठी केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय आहे, एनआयओएस. एकदा नाव नोंदलं की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी. दोन विषय आज द्या, दोन सोयाबीन निघाल्यावर द्या. वरची वयाची अट नाही. या बोर्डाच्या मुलांना डॉक्टरकीच्या ‘नीट’ या प्रवेश परीक्षेला बसू द्यायचं की नाही यावरून कोर्टकज्जे झाले, आणि 2024मध्ये सुप्रीम कोर्टात तो प्रश्न मुलांच्या बाजूनं मिटला.

मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीचं. या अफवेत एक खरा कण आहे, म्हणूनच ती इतकी टिकते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989मध्ये राज्याच्या कायद्यानं झालं. त्याच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमातून बारावी नसलेली कितीतरी माणसं थेट बी.ए.ला गेली. पुढे अडचण आली ती इथे. पायाचं शिक्षण न घेता मुक्त पद्धतीनं मिळवलेल्या वरच्या पदवीवर 2009मध्ये सुप्रीम कोर्टानं बोट ठेवलं. वकिलीसाठीही बार कौन्सिलचा नियम तसाच आहे : खालची पायरी गाळून घेतलेली मुक्त पदवी एलएलबीला चालत नाही. अशी अडलेली दोन-चार माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतात, आणि त्यांच्या अनुभवाचं ‘डिग्री चालतच नाही’ झालं.

दहावी, बारावी आणि मग पदवी अशी शिडी चढलेल्याची गोष्ट वेगळी. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सप्टेंबर 2022मध्ये लेखी कळवलं आहे. एमपीएससीची राज्यसेवा असो की तलाठ्याची भरती, मागतात ती मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी. म्हणून माझ्याकडे जो येतो त्याला मी एकच गोष्ट हट्टानं सांगते : घाई करू नको, दहावी-बारावी गाळू नको. आणि इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली घरबसल्या होत नाही. तसं कोणी दुकान थाटून सांगत असेल तर एक रुपया देऊ नको.

वयाचं मात्र मी लपवणार नाही. पोलीस भरतीला खुल्या गटात 28 आणि मागास प्रवर्गात 33 ही मर्यादा आहे. मी पदवीधर झाले तेव्हा ते दार माझ्यासाठी जवळजवळ बंद झालं होतं आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण एमपीएससीला 38 आणि 43 आहे. आणि पोलीस शिपायाला बारावीच लागते, म्हणजे शाळा सुटलेल्या विशीतल्या पोराला अजून वेळ आहे, फक्त या मेसेजवर घालवायला नाही.

गॅपचं दोन ओळींत सांगते. मधली वर्षं काय केलं याचं एक प्रतिज्ञापत्र लागतं, ते सेतू केंद्रात होतं. माझ्यात लिहिलं होतं, घरची शेती केली. कोणी हरकत घेतली नाही.

चाकणचे दहा लाख. तीन वर्षांचे 36 महिने. दहा लाख जमवायचे तर महिन्याला 27 हजार 777 रुपये बाजूला पडले पाहिजेत. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं तिकडे ठेकेदाराच्या हाताखाली होता. हातात साडेचौदा हजार यायचे. खोलीत सहा जण, मेसचे पैसे वेगळे, दिवाळीला घरी यायचं रेल्वेभाडं वेगळं. त्यानं दोन वर्षांत 60 हजार आणले, तेही बाबांच्या ऑपरेशनला गेले. त्याच्या लाइनवर जे कायम झाले ते आयटीआयवाले होते. म्हणून तो परत आला आणि आयटीआयला गेला. वेल्डरसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलंही घेतात. आणि दहावी पास होऊन दोन वर्षांचा आयटीआय केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, डिप्लोमानंतर तसाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कंपनीत जाऊ नका असं मी म्हणत नाही. कर्ज असलेल्या घरातलं पोर्गं जाईलच. जाताना दहावीचा दाखला पिशवीत घेऊन जा, आणि राहिलेले विषय तिकडूनही सोडवता येतात हे माहीत असू द्या.

‘पोरीचं लग्न करून टाकावं.’ मामांनी हे मला पाठवलं. मामा, तुम्हीच माझ्या बारावीच्या वेळी तालुक्यापर्यंत मोटरसायकलनं सोडायचे. लग्न झालं तरी नोकरीची गरज संपते का? अंगणवाडी सेविकेलाच काय, मदतनिसालाही आता बारावी पास लागते. आमच्या गावात जागा निघाली तेव्हा नववीत शाळा सुटलेल्या सात बायकांनी चौकशी केली आणि सातही परत गेल्या. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. 2024पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. पैसे नाहीत म्हणून पोरगी घरी बसवली असेल, तर आधी हे विचारून या.

त्या सातपैकी दोघींचा 17 नंबर यंदा आम्ही भरतो आहोत. एकीच्या शाळेनं तर तिला दोनदा परत पाठवलं, ‘जुना रेकॉर्ड सापडत नाही’ म्हणून. तिसऱ्यांदा मी सोबत गेले. शिपायानं कपाटावरचं जनरल रजिस्टर काढलं, कोपरे उंदरांनी खाल्लेले. मुख्याध्यापक बोट खाली सरकवत गेले आणि थांबले. निळ्या शाईत तिचं माहेरचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’. ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘बाई, मी गैरहजर नव्हती हो, वीटभट्टीवर होती.’

तिला शाळा सोडल्याच्या दाखल्याची द्वितीय प्रत मिळाली, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ज्यांना फॉर्म भरायचा आहे त्यांनी पावसाळा लागताच शाळेत जाऊन दाखला काढून ठेवा. ऑनलाइन नोंदणीनंतर मूळ दाखला संपर्क केंद्रात जमा होतो, म्हणून आधी त्याच्या झेरॉक्स काढा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. दहावीचं प्रमाणपत्र शाळेतल्याच नावानं येतं, आणि कॉलेजच्या खिडकीवर दोन्ही नावांचा मेळ दाखवावा लागतो.