उपरोध रचनेत मुरलेला असतो

नाटकातील उपरोधावरच्या तुमच्या लेखात उपरोधाची म्हणून दिलेली सगळी उदाहरणे पात्रांच्या खोचक बोलण्यातली आहेत. नाटकाच्या रचनेतच मुरलेला उपरोध त्यात राहून गेला आहे, आणि माझ्या मते खरी ताकद तिथेच आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सामंत या गावकऱ्याला कोर्टाचे कामकाज समजावे म्हणून एक हौशी नाटकमंडळी लुटुपुटीचा खटला उभा करते आणि तिच्यातल्याच बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर बेणारेबाईंच्या पोटातला गर्भ नष्ट करावा, असाच निकाल देतात. जो गुन्हा तीच शिक्षा, आणि खटला चालवणाऱ्यांपैकी एकालाही त्यात वावगे वाटत नाही! आमच्या नाशिकच्या कुसुमाग्रजांनी ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) हेच निराळ्या वाटेने साधले: आयुष्यभर शोकांतिका रंगवलेले वृद्ध नट अप्पासाहेब सारे काही मुलांना वाटून टाकतात, तेव्हा पुढचे संकट प्रेक्षकांना दिसते, त्यांना नाही. कालिदास कलामंदिरात ‘शांतता!’ करू पाहणाऱ्या नव्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की, सुरुवातीचा खेळकरपणा मुळीच कमी करू नका. प्रेक्षक आधी त्या हशात सामील झाला नाही, तर निकालाच्या वेळी त्याला स्वतःची लाज वाटणार नाही.