तो शेवटचा ‘स’

ऑरेटोरिओच्या, म्हणजे वृंद आणि वाद्यांसह गायल्या जाणाऱ्या धार्मिक कथेच्या, मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवून कुणी ‘ऐक आणि खरं खरं सांग’ म्हणालं, की मी आधी विचारतो, तू कुठल्या आवाजात होतीस? उत्तर ‘आल्टो’, म्हणजे बायकांचा खालच्या पट्टीतला आवाज, असं आलं की पोटात गोळा येतो.

संगीतकार हॅन्डेलने ‘मसाया’ हा अख्खा ऑरेटोरिओ १७४१ साली २४ दिवसांत लिहून हातावेगळा केला. मला त्याच्या एका रेकॉर्डिंगवर चार ओळी कळवायला त्याहून जास्त वेळ लागतो.

एकट्यादुकट्या गायकांचं सोपं असतं. माइक समोरच, पहिल्या मिनिटात निकाल. खरी गोम कोरसमध्ये. माइक लांब टांगले तर सभागृहाच्या घुमाऱ्यात शब्दांची खिचडी होते. जवळ आणले तर पहिल्या रांगेतला एकच उत्साही टेनर, म्हणजे उंच पट्टीतला पुरुष गायक, बाकीच्यांना झाकून टाकतो.

मी आधी ‘स’ तपासतो. ‘मसाया’तलं ‘प्रिन्स ऑफ पीस’ म्हणताना अख्खा वृंद एका सुरात उभा राहतो, पण शेवटचा ‘स’ मात्र ज्याचा त्याने आपल्या सवडीने सोडायचा, अशी रीत असावी. पंक्चर झालेल्या टायरसारखी सुरसुर. म्हणून तर काही कंडक्टर निम्म्या लोकांना तो ‘स’ चक्क गिळायला सांगतात. आल्टोत गाणाऱ्या मैत्रिणीने पाठवलेल्या या रेकॉर्डिंगमध्ये सगळे थांबल्यावर, वाद्यं पुढे निघाल्यावरही एक ‘स’ मागे रेंगाळत होता. वहीत मी तो अधोरेखित केला.

मग त्यातलाच ‘हॅलेलुया’ कोरस. शेवटच्या ओळीआधी सगळे एकदम थबकतात ना, नेमकं तिथे एका रसिकाने टाळी वाजवली. दोनदा. तालात होती, हे मान्य करायला हवं.

राहता राहिली आल्टो. चाल सगळ्यात उंच सोप्रानोकडे, पाया खर्जातल्या बासकडे. आल्टो बिचारी मधल्या दोन-तीन सुरांवर उभी. ती नसेल तर सगळं पोकळ वाटतं, असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मी मनापासून, तारीफ म्हणून लिहिलं, ‘एकही आवाज सुटा ऐकू येत नाही. वृंद अगदी एकजीव.’ ‘स’ची तक्रार दुसऱ्या मेसेजमध्ये टाइप करत होतो, तेवढ्यात उत्तर आलं.

‘म्हणजे मी ऐकूच येत नाही? नीट ऐक रे! ‘पीस’नंतर सगळे थांबतात, तरी एक ‘स’ येतो बघ. तो माझा!’